लिनक्ससाठी लॅपटॉप : नवा कोरा घ्यावा की कचेरीतून निवृत्त झालेला?

रामबागेतला रहिवासी (धागाकर्ता)

माझ्या भाचीला यंदा इंदुरातच अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीचे एक वितरण, आहे, तेव्हा स्वतःच्या लॅपटॉपवरही लिनक्सच हवे, असे तिने ठरवून टाकले आहे. आणि मामा गेली पंधरा-सोळा वर्षे दुसरे काही वापरत नाही हे घरात सर्वांना ठाऊक असल्यामुळे खरेदीचे काम माझ्याकडे आले आहे. मर्यादा ४५,००० रुपये. मेव्हण्यांचे मत असे, की मुलीच्या हाती नवे यंत्र द्यावे, सोबत वॉरंटीचा कागद असावा आणि विषय संपवावा. माझे मत वेगळे आहे. ते घरच्या बैठकीत टिकले नाही, म्हणून येथे मांडतो.

लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना झाकणावरचे नाव पाहू नये, आतले घटक पाहावेत. आणि एवढ्या पैशांत नवा घरगुती वर्गातला लॅपटॉप घेण्यापेक्षा मोठ्या कचेऱ्यांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेला व्यावसायिक वर्गातला, म्हणजे थिंकपॅडच्या टी मालिकेतला, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक घ्यावा, असे मला वाटते.

कारण लिनक्सच्या रचनेतच आहे. विंडोजमध्ये ड्रायव्हर, म्हणजे एकेक घटक चालवणारा छोटा प्रोग्रॅम, पुरवण्याची जबाबदारी यंत्र विकणाऱ्याची असते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच येतात, आणि ते तेथे असण्यासाठी कोणीतरी ते आधी लिहिलेले, तपासलेले आणि स्वीकारलेले असावे लागतात. इंटेलच्या वाय-फाय कार्डांचे ड्रायव्हर इंटेलचेच लोक कर्नलमध्ये देत आले आहेत; इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्सचेही तसेच. या घटकांचे यंत्र असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करताच पडदा, आवाज, वाय-फाय सारे बहुधा जागच्या जागी सापडते. ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या वाय-फाय चिपांना मात्र बाहेरून बंदिस्त ड्रायव्हर आणावा लागतो, आणि तो आणायला इंटरनेट लागते, जे वाय-फाय नसल्यामुळे नसते. या चक्रात सापडलेल्या माणसाने फोन तारेने जोडून काम भागवावे. मी भागवले आहे.

घटक म्हटले की सगळे वाय-फाय आणि ग्राफिक्सवर थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा झोपेची असते. माझी नव्हे, यंत्राची. झाकण मिटल्यावर जुने लॅपटॉप ज्या अवस्थेत जात, तिला एस-३ म्हणतात : रॅम तेवढी जागी राहते, बाकी सारे विझते. गेल्या काही वर्षांत, विशेषतः इंटेलच्या प्रोसेसरांच्या ११व्या पिढीपासून, अनेक लॅपटॉपांतून ही अवस्था काढूनच टाकली आहे आणि तिच्या जागी फोनसारखी अर्धजागृत झोप आली आहे. ती नीट लागण्यासाठी प्रत्येक घटकाने वेळेवर डोळे मिटावे लागतात. एकाने जरी मिटले नाहीत तरी बॅटरी रात्रभर झिजत राहते. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याच्या गाडीत बसताना नवा कोरा लॅपटॉप झाकण मिटून पिशवीत ठेवला होता. सकाळी पुणे जवळ आल्यावर पिशवीत हात घातला तर तो इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी शून्यावर. कंपनीचे नाव घेत नाही. विंडोजवरही तेच झाले असते असे तिच्या माणसाने मला ऐकवले, आणि कदाचित ते खरेही असेल. पण कचेऱ्यांसाठी बनवलेल्या जुन्या यंत्रांत एस-३ शाबूत आहे, आणि काही थिंकपॅडांच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तर झोपेच्या पर्यायांत ‘लिनक्स’ असा शब्दच लिहिलेला सापडतो.

तिसरी गोष्ट फर्मवेअरची, म्हणजे बायॉससारख्या चिपांतच बसवलेल्या प्रोग्रॅमांची. बायॉस अद्ययावत करायचा तर पूर्वी विंडोज लागे. आता डेल, लेनोव्हो आणि एचपी यांच्या व्यावसायिक वर्गातल्या पुष्कळ यंत्रांचे फर्मवेअर लिनक्समधूनच, नेहमीच्या अपडेटांबरोबर येते. स्वस्त घरगुती मालिकांना हे सुख क्वचितच मिळते.

आता विरोध ऐकायला मी तयार आहे.

हिशेबनीस

विरोध आहे, आणि तो मूळ गृहीतकालाच आहे. आपण जो सल्ला देत आहात, तो ज्याच्या घरी आपल्यासारखा मामा आहे त्याच्यासाठी उत्तम आहे. ज्याला मामा नाही त्याने काय करावे?

मी करसल्लागाराच्या कचेरीत काम करतो. आमच्याकडे टॅली आहे आणि ते विंडोजवर चालते, म्हणून लिनक्सचा प्रश्नच येत नाही, हे आधीच कबूल करतो. पण यंत्रांची खरेदी मी बावीस वर्षे करतो आहे आणि जुन्या मालाचा हिशेब मला चांगला ठाऊक आहे. आपण ज्यांची नावे घेतलीत, त्यांतली बाजारात सर्वाधिक दिसणारी यंत्रे, म्हणजे थिंकपॅड टी-४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी-५, ही सर्व २०१८ सालची आहेत. आपली भाची पदवी घेईल तेव्हा ते यंत्र बारा वर्षांचे असेल. बॅटरी बदलावी लागेल, बिजागरी सैल होईल, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मदरबोर्डाने प्राण सोडला तर कोणाकडे जायचे? विकणारा तीस दिवसांची हमी देतो, ती बहुधा तोंडी असते.

शिवाय वेगाचे काय? आज नव्या स्वस्त लॅपटॉपात मिळणारा १२व्या पिढीचा आय-३ हा २०१८ च्या आय-७ ला सहज मागे टाकतो. आपण झोपेबद्दल एवढे सुंदर लिहिलेत, पण मुलगी दिवसभर यंत्र चालवणार आहे. ते झोपते कसे यापेक्षा जागेपणी किती धावते हे पाहिले पाहिजे. झोप बिघडत असेल तर बंद करून पिशवीत ठेवावे. एसएसडी असलेले यंत्र अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू होते.

वॉरंटीचा कागद म्हणजे केवळ कागद नव्हे. आईवडिलांची निर्धास्त झोप त्यात असते, आणि तिचीही किंमत धरावी.

दुकानाच्या आतल्या बाजूला बसणारा

मी इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीचे काम करतो, म्हणून दोघांच्याही बोलण्यात थोडी भर घालतो. दुकानाचे नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात ठरेल.

हिशेबनीस म्हणतात ते वयाचे गणित बरोबर आहे, पण २०१८ पाशीच थांबायची गरज नाही. कचेऱ्या तीन ते पाच वर्षांनी यंत्रे बदलतात. म्हणजे १०व्या आणि ११व्या पिढीची यंत्रेही आता जुन्या बाजारात उतरली आहेत, आणि ४५,००० मध्ये ती बसतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून या बाजारात एक विचित्र गोष्ट झाली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची ८वी पिढी किंवा त्यापुढची लागते. त्यामुळे ७व्या पिढीची धडधाकट यंत्रे एका तारखेपासून विंडोजवाल्यांच्या लेखी बाद झाली आणि त्यांचे भाव पडले. लिनक्सला त्या अटीशी काही देणेघेणे नाही. पत्रे लिहिणाऱ्या, बातम्या वाचणाऱ्या, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणाऱ्या आजोबांसाठी ती अगदी योग्य आहेत. पण अभियांत्रिकीच्या मुलीला मी ती देणार नाही. लॅपटॉपांतल्या ७व्या पिढीच्या कमी विजेवर चालणाऱ्या आय-५ मध्ये दोनच कोर असत, ८व्या पिढीपासून चार झाले. फरक एका आकड्याचा दिसतो, पण कंपाइल करताना, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवताना, तो कळतो.

आता जुने यंत्र घेताना मी स्वतः काय पाहतो ते सांगतो. ‘ए ग्रेड’ हा शब्द ऐकून कोणी फसू नये. तो बाहेरच्या ओरखड्यांविषयी असतो, आतल्याविषयी काही सांगत नाही. सर्वांत आधी बायॉसमध्ये शिरून पाहावे. कचेरीने घातलेला सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिला असेल तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे; व्यावसायिक यंत्रांत तो पासवर्ड बॅटरी काढून पुसता येत नाही. त्यानंतर पडदा. याच मालिकांमध्ये १३६६ बाय ७६८ चे फिकट पडदेही पुष्कळ आले होते, आणि दिवसभर कोड वाचणाऱ्याने तसा पडदा घेणे म्हणजे डोळ्यांवर अत्याचार आहे. बॅटरीविषयी विकणाऱ्याचे ऐकू नये. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू करावे, टर्मिनलमध्ये ‘यूपॉवर’ ही आज्ञा चालवावी. बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही तेथे लिहिलेल्या असतात. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागावेत.

पंखा उघडून साफ करून घ्यावा आणि थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

स्पष्टवक्ती

आपण सर्व जण एका गोष्टीला बगल देत आहात. नवा विंडोजवाला लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स घातले, तर विकणाऱ्याच्या वहीत ती विंडोजची विक्री म्हणूनच नोंदली जाते, आणि परवान्याचे पैसेही आपण भरलेले असतात. जुने यंत्र घेतले तर कोणत्याच वहीत नोंद होत नाही. मग कंपन्यांनी लिनक्सकडे लक्ष का द्यावे? ज्या यंत्रात आधीपासून लिनक्स घातलेले आहे तेच विकत घ्यावे, हा एकच सरळ मार्ग आहे असे माझे मत आहे.

हे केवळ तत्त्वाचे बोलणे नाही. २०१२ मध्ये डेलने विकासकांसाठी उबुंटू घातलेला एक्सपीएस १३ बाजारात आणला, तेव्हा त्या यंत्रापुरते टचपॅडपासून झोपेपर्यंत सर्व काही कंपनीलाच जुळवून द्यावे लागले, आणि ते ड्रायव्हर पुढे सर्वांच्याच उपयोगी पडले. २०२० मध्ये लेनोव्होने काही थिंकपॅड फेडोरासह, म्हणजे लिनक्सच्या आणखी एका वितरणासह, विकायला काढले. अमेरिकेतल्या डेन्व्हरची सिस्टिम ७६ आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गची टक्सेडो या तर लिनक्सचे संगणक विकूनच उभ्या राहिल्या. ग्राहक मागतो म्हणून हे झाले. आपण सिल्व्हर मॉलमध्ये जुन्या यंत्रावर घासाघीस करत राहिलो, तर आपली मागणी कोणाला दिसणार?

रामबागेतला रहिवासी (धागाकर्ता)

स्पष्टवक्ती ताई, आपले तत्त्व मला मान्य आहे, पण आपण सांगितलेल्या दोन परदेशी कंपन्यांची यंत्रे येथील दुकानांत ठेवलेली नसतात, आणि एक्सपीएस ४५,००० च्या आसपासही फिरकत नाही. आपल्याकडे जे ‘उबुंटूसह’ किंवा ‘डॉससह’ म्हणून मिळते, ते पुष्कळदा परवान्याचे पैसे वाचवून किंमत खाली दाखवण्यासाठी असते. घेणारा घरी नेतो आणि पहिल्याच दिवशी कोणाकडून तरी चोरीचे विंडोज घालून घेतो. अशा विक्रीची वहीत नोंद लिनक्स म्हणून झाली, तरी त्यातून कंपनीला काय समजणार? मी असे एक यंत्र ओळखीच्या घरी उघडून पाहिले आहे. उबुंटू होते हे खरे, पण दोन आवृत्त्या मागचे, आणि सेवाकेंद्राला फोन केल्यावर पहिला प्रश्न आला, “विंडोज कोणते आहे?”

हिशेबनीसांचा वेगाचा मुद्दा मी मान्य करतो. १२व्या पिढीचा आय-३ खरोखर चांगला आहे. पण नव्या यंत्राच्या बाबतीत एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. नवे यंत्र सीलबंद खोक्यात येते. पैसे देण्याआधी त्यात पेन ड्राइव्ह लावून पाहू देणारा दुकानदार मला इंदुरात अजून भेटलेला नाही. शोरूममध्ये मांडलेल्या नमुन्यावर पाहिले तरी भागत नाही, कारण एकाच मॉडेल क्रमांकाखाली एका खेपेत इंटेलचे वाय-फाय कार्ड येते, दुसऱ्या खेपेत रिअलटेकचे, तिसऱ्या खेपेत मीडियाटेकचे. खोक्यावर फक्त ‘वाय-फाय ६’ छापलेले असते. जुने यंत्र मात्र मी तेथेच, दुकानदारासमोर, अर्धा तास चालवून पाहू शकतो. तेच यंत्र, तीच चिप, तोच पडदा; आणि मग पैसे.

हिशेबनीस

हा मुद्दा मला पटला, पण अर्धाच. रिअलटेक किंवा मीडियाटेक आले तर इतके घाबरण्यासारखे काय आहे? माझ्या मुलाला विचारले. त्याच्याकडे मीडियाटेकचे कार्ड असलेला लॅपटॉप आहे, त्यावर तो फेडोरा चालवतो आणि त्याची काही तक्रार नाही. माहिती जुनी झाली की तिचा धाक तेवढा मागे उरतो, असे आपल्या बाबतीत झाले नसेल ना?

सिमरोलचा रस्ता

काका, आपल्या मुलाचे बरोबर आहे, पण त्यात एक बारकावा आहे. मीडियाटेकच्या ७९२१ या वाय-फाय चिपेचा ड्रायव्हर कर्नल ५.१२ मध्ये आला, रिअलटेकच्या ८८५२ मालिकेतल्या पहिल्या चिपेचा ५.१६ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आला. आज या चिपा सहज चालतात. प्रश्न चिप चांगली की वाईट हा नसून चिप आधी बाजारात आली की ड्रायव्हर आधी कर्नलमध्ये आला, हा आहे. फेडोरात कर्नल सतत नवा येतो, म्हणून आपल्या मुलाला अडचण आली नाही. त्याच यंत्रावर २०२३ चे डेबियन १२ घातले असते तर कर्नल ६.१ मिळाला असता, आणि २०२४ मध्ये बाजारात आलेल्या घटकांची त्याला ओळखच नसती. उबुंटू २४.०४ मूळ ६.८ कर्नलसह आले, पण त्याच्या पुढच्या उपआवृत्त्यांत नवा कर्नल मिळत जातो. म्हणजे नवे यंत्र घेणाऱ्याने वितरणही नव्या कर्नलचे घ्यावे. मामांनी यंत्राविषयी एवढे लिहिले, पण त्यावर घालणार काय आणि त्याचा कर्नल कोणता, याविषयी एक ओळही लिहिली नाही.

मी स्वतः अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून दुसराही आक्षेप घेते. धाग्यात ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाचे नावही कोणी काढलेले नाही. जणू ते अमंगळ आहे. २०१२ मध्ये फिनलंडमध्ये एका विद्यापीठातल्या कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले होते, तेव्हापासून लिनक्सवाले तेच चित्र मनात धरून बसले आहेत. त्यानंतर मे २०२२ मध्ये कंपनीने आपले कर्नल-मॉड्यूल खुले केले, २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी, आणि आता नव्या ड्रायव्हरमध्ये तेच प्रथम पसंतीचे असते. मशीन लर्निंगचा अभ्यास करायचा तर ग्राफिक्स कार्डावर गणिते करणारे कुडा लागते आणि ते एनव्हिडियावरच चालते. आमच्या वर्गातल्या निम्म्या प्रकल्पांना ते लागते. एलिटबुक घेऊन आलेली मुलगी तेव्हा दुसऱ्याच्या यंत्रासमोर रांगेत उभी राहील.

दुकानाच्या आतल्या बाजूला बसणारा

एनव्हिडियाचे लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून अनुभवावरून सांगतो. डेस्कटॉपवर आता खरोखर त्रास नाही. लॅपटॉपात दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधले आणि दुसरे एनव्हिडियाचे, आणि त्रास त्यांच्या अदलाबदलीत होतो. पुष्कळ यंत्रांत बाहेरच्या पडद्याची तार थेट एनव्हिडियाला जोडलेली असते, त्यामुळे प्रोजेक्टर लावला की ते कार्ड जागे होते आणि बॅटरी भराभर उतरते. त्यात सिक्युअर बूट (सही नसलेला कोड यंत्र सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल आणि ड्रायव्हर वितरणाच्या भांडारातून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घातला असेल, तर पुढच्या कर्नल-अपडेटनंतर काळा पडदा दिसतो आणि मंडळी यंत्र घेऊन माझ्याकडे येतात. ड्रायव्हर उबुंटूच्या भांडारातूनच घ्यावा. तो सही केलेला असतो.

आणि ४५,००० मध्ये एनव्हिडियाचे जे नवे यंत्र मिळते, त्यात कार्डासाठी बाकी सगळ्यात काटकसर केलेली असते : पडदा फिका, सांगाडा प्लास्टिकचा, बॅटरी छोटी. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत कार्डाची गरज पडत नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी ब्राउझरमधून गूगल कोलॅब, म्हणजे गूगलच्या यंत्रांवरचे कार्ड, वापरता येते.

सिमरोलचा रस्ता

कोलॅबचे फुकटचे सत्र नेमके सादरीकरणाच्या आदल्या रात्री तुटते, हा आमचा अनुभव आहे. पण ४५,००० च्या मर्यादेत आपले म्हणणे मान्य करते. ७०,००० असते तर केले नसते.

उगाच

एक भाबडा प्रश्न. बायॉस पाहा, कर्नल पाहा, झोप पाहा, वाय-फायची चिप पाहा, ड्रायव्हरची सही पाहा. मुलीचे लग्न जमवतानाही आपल्या समाजात हल्ली एवढी चौकशी करत नाहीत. विंडोजवाला लॅपटॉप घ्यावा, त्याच्या आतच डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय, चालू करून उबुंटू वापरावे. २०१६ पासून ती सोय आहे. प्रयोगशाळेतले सर्व अभ्यास त्यात होतात आणि वाय-फाय, झोप, कॅमेरा यांची काळजी मायक्रोसॉफ्ट करते. मग हा खटाटोप कशासाठी?

स्पष्टवक्ती

खटाटोप यासाठी, की घर आपले असावे. कोणाच्या घरातली एक खोली भाड्याने घेऊन त्याला घर म्हणू नये. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलीने यंत्र सुरू होण्यापासून बंद होण्यापर्यंत आत काय घडते ते पाहिले पाहिजे. डब्ल्यूएसएलमध्ये ड्रायव्हरशी गाठ पडत नाही, हीच तर त्याची उणीव आहे.

रामबागेतला रहिवासी (धागाकर्ता)

उगाच यांचा प्रश्न भाबडा नाही. ज्याला लिनक्स केवळ साधन म्हणून हवे आहे त्याने डब्ल्यूएसएल वापरावे, असे मीही सांगेन. टॅली चालवणाऱ्या हिशेबनीसांच्या कचेरीत उद्या कोणाला थोडे पायथॉन शिकायचे असेल तर ह्याहून सोपा मार्ग नाही. भाचीने मात्र स्पष्ट सांगितले आहे की तिला मुळातूनच लिनक्स हवे आहे. तिचे कारण मी विचारले नाही.

आतापर्यंतच्या चर्चेने माझे मत थोडे हलले आहे. सहा-सात वर्षांपलीकडचे यंत्र घेऊ नये, हे हिशेबनीसांमुळे मान्य केले. २०१८ ची यंत्रे यादीतून काढून टाकली. १०व्या पिढीचे किंवा एएमडीच्या रायझन प्रोचे, दोन-चार वर्षे वापरलेले यंत्र शोधणार आहे. त्यात एक अडचण मला स्वतःलाच दिसते. या काळापासून थिंकपॅडांतही अर्धी रॅम बोर्डावरच डकवलेली येऊ लागली. टी-१४ च्या पहिल्या आवृत्तीत रॅमसाठी एकच खाच उरली. म्हणजे घेतानाच १६ जीबी पाहून घ्यावी लागेल. आणि वाय-फाय कार्ड बदलू, असे म्हणून आडमुठ्या चिपेचे यंत्र घ्यायचे असेल तर ध्यानात ठेवावे, की इंटेलची एएक्स-२०१ आणि एएक्स-२११ ही कार्डे इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांसोबत चालतात. रायझनच्या यंत्रात ती घालून उपयोग नाही. तेथे एएक्स-२१० घ्यावे. हा फरक न कळल्यामुळे एक कार्ड माझ्या खणात पडून आहे.

सिमरोलचा रस्ता यांनी कर्नलविषयी मला पकडले, ते योग्यच केले. इतकी वर्षे जुनीच यंत्रे वापरल्यामुळे तो विचार मला कधी करावाच लागला नव्हता.

हिशेबनीस

मत हलले याचा आनंद आहे. माझेही थोडे हलले. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहणे ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. आमच्या कचेरीत सात यंत्रे अशी आहेत ज्यांना विंडोज ११ ने नकार दिला, आणि ती भंगारात द्यायचे ठरले होते. त्यांपैकी दोन आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला देता येतील का, तेथे मराठी टंकलेखन होईल का, हे कोणी सांगावे.

दुकानाच्या आतल्या बाजूला बसणारा

होईल. इनस्क्रिप्ट कळफलक उबुंटूत आधीपासूनच असतो, आणि ज्यांना उच्चाराप्रमाणे टंकायचे आहे त्यांच्यासाठी ‘मराठी कगप’ नावाचा कळफलकही असतो. कृतिदेवमधली जुनी पत्रे असतील तर तो टंक बसवून तीही उघडता येतात. पण देण्यापूर्वी डिस्क पुसा. आपल्या अशिलांचे हिशेब वाचनालयात वाचायला ठेवू नका.

धाग्यातली भाची

मामांनी हा धागा मला आज दाखवला. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या मला कोणीच विचारल्या नाहीत.

पहिली, वजन. मी राजेंद्र नगरहून बसने जाते आणि पाठीवर लॅपटॉपशिवाय ड्रॉइंगचे सामान असते. यंत्र दीड किलोपेक्षा जड नको, चार्जर धरून दोन किलोच्या आत हवे. ही एकच अट लावली तर एनव्हिडियाचा वाद आपोआप मिटतो.

दुसरी, कॅमेरा आणि माइक. आमच्या सरांचे शंकानिरसन रविवारी ऑनलाइन असते. इंटेलच्या १२व्या पिढीनंतरच्या काही पातळ लॅपटॉपांत नव्या प्रकारचे कॅमेरे आहेत, त्यांना लिनक्समध्ये फार त्रास होतो, असे वरच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितले. तिचा अजून चाललेला नाही. येथे इतकी चर्चा झाली, पण कॅमेरा तपासून घ्यावा असे कोणी सांगितले नाही.

मामा, शनिवारी सिल्व्हर मॉलला जाताना दोन पेन ड्राइव्ह घ्या, एकात उबुंटू आणि एकात फेडोरा. मी बारा वाजता आरएनटी मार्गावर पोहोचेन. दुकानात उभी राहून तुम्हालाच व्हिडिओ कॉल लावून पाहणार आहे, तेव्हा फोन चार्ज करून आणा. बाबाही येणार म्हणत आहेत.